नेढं नसलेली सुई

सेलम, ऑरेगन. समितीची खोली.
बोलायला माणशी तीन मिनिटं,
दुभाष्या असला तर त्याचीही त्यातच.
म्हणजे बाबांची दीड, माझी दीड.
मी फॉर्मवर सही केली आहे :
जे ऐकेन तेच सांगेन.

टेबलावर इवलासा दिवा आहे. हिरवा, पिवळा, लाल.
आमच्या आधी एक तरुण फिजिओथेरपिस्ट बोलून गेला.
चांगला मुलगा. रुंद खांदे, स्वच्छ आवाज.
त्याच्याकडे शनिवार-रविवारच्या वर्गाचं प्रमाणपत्र आहे
आणि बाबांच्याच मापाची सुई.
तिला तो कोरडी सुई म्हणतो.
नाव नवं, म्हणून जुना परवाना लागत नाही.
या बारशाचं बोलावणं आम्हाला नव्हतं.

परवान्यासाठी बाबा चार वर्षं इंग्रजी शिकले.
भात शिजेपर्यंत हाडांची नावं घोकायचे,
भात करपायचा, हाडं राहायची.
दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास.
आता ऐंशीव्या वर्षी ती इंग्रजी
निघून गेली, पाहुणी जाते तशी,
उंबऱ्यावर थोडं रेंगाळून.

त्याच्याही आधी, माझ्या जन्माआधी,
लाँड्रीमागच्या त्यांच्या खोलीत दोन पोलीस आले.
गुन्हा : परवान्याशिवाय वैद्यकी.
परवाना देणारं खातंच तेव्हा नव्हतं.
नसलेलं दार ठोठावलं नाही म्हणून
एक रात्र कोठडी.
फुंगकाकू पालथ्या झोपल्या होत्या, पाठीत चौदा सुया.
"कुणी हलायचं नाही," पोलीस म्हणाला.
काकू तशाही हलल्या नसत्या.
बाबांनी एकेक काढली,
पोलिसाने एकेक मोजून लिफाफ्यात टाकली. पुरावा.
सात महिन्यांनी लिफाफा परत आला.
आत तेरा.

हिरवा लागला.
रात्री जागून मी मुद्दे लिहिले होते, ठसठशीत अक्षरात :
शिक्षणाचे तास. फुफ्फुसाला होऊ शकणारी इजा. तक्रार कुणाकडे करायची.
बाबांनी कागदाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली
आणि कँटनीजमध्ये, मासळीचा भाव विचारावा तसं विचारलं,
"माझी चौदावी सुई कुणाकडे आहे?"

सात सदस्य माझ्याकडे बघत होते.
एकीने पेन उचललं.
मी म्हणाले,
"माझ्या वडिलांचा या विधेयकाला विरोध आहे."

"डावीकडची होती, कमरेच्या जरा वर.
माझ्या गुरूंनी दिलेली. बोट लावलं की कळायचं तीच आहे."

"सुई टोचणाऱ्याला किमान तासांचं शिक्षण हवं, असं ते म्हणतात."

"शिवायची सुई हरवली तर दोरा सापडतो,
दोऱ्याच्या टोकाला सुई.
हिला नेढंच नसतं. हिला कशावरून शोधायची?"

पिवळा.

"हा रुग्णांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे," मी म्हणाले.
माझी इंग्रजी निर्दोष आहे.
इथल्याच शाळेत शिकले,
शुद्धलेखनात पहिली यायचे.
बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं,
नाडी बघताना पाहतात तसं,
थोडं बाजूला.

लाल.

अध्यक्षबाईंनी मिस्टर मॅक यांचे आभार मानले.
आम्ही मोक.
मतदान पुढच्या गुरुवारी,
तोवर पोटसमिती कोरड्याची व्याख्या करील.
तो तरुण दाराशी थांबला होता. त्याने बाबांसाठी दार धरलं
आणि खरंच मनापासून विचारलं,
"किती वर्षं करताय हे?"
हे मी बाबांना सांगितलं नाही. का, माहीत नाही.

पार्किंगमध्ये, पट्टा लावताना बाबांनी विचारलं,
"हो-यी, काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

बाबांनी मान हलवली. समाधान झाल्यासारखी.
गाडी फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाले,
"उजेडात बघा म्हणावं.
बारीक असते."